शाळूची डीआरईबी भावकी: दुष्काळात कोणते जनुक जागे होते ते कसे शोधावे

डीआरईबीसारख्या जनुककुळाची, म्हणजे एकाच मूळ जनुकापासून निघालेल्या जनुकांची, यादी चार-सहा दिवसांत लॅपटॉपवर निघते. त्या यादीतले नेमके कोणते जनुक आपल्याकडच्या दुष्काळात कामाला लागते हे कळायला मात्र शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, अख्खा हंगाम लागतो. म्हणून कामाचा क्रम लक्षात ठेवा: सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आधी माती भरून पेरा आणि पीक निसवेपर्यंतच्या दोन-सव्वादोन महिन्यांत संगणकाचे काम करा. आधी यादी, मग लेख वाचन, मग डिसेंबरात घाईघाईने १४ दिवसांची रोपे वाढवून त्यांना पीईजीच्या (पाणी धरून ठेवणाऱ्या रसायनाच्या) पाण्यात बुडवायचे, हा मार्ग सोपा आहे. पण त्यातून निघणारे उत्तर अथणी-सौंदत्तीच्या काळ्या रानाचे नसते.

पीक आणि कुळ

बेळगाव जिल्ह्यात पिकांना तोटा नाही, पण सुरुवात शाळूने करावी. चिकोडी-रायबागचा ऊस मोहात पाडतो, मात्र आजच्या लागवडीतल्या उसात १०० ते १३० गुणसूत्रे असतात आणि एकेका जनुकाच्या आठ-दहा प्रती. नवख्याने तिथे हात घातला की एकाच जनुकाच्या प्रती कुठल्या आणि कुळातली वेगळी भाऊ-जनुके कोणती यातच वर्ष जाते. निपाणीची तंबाखू दोन रानटी जातींच्या संकरातून आलेली, म्हणजे प्रत्येक जनुकाचे घर दुहेरी. बैलहोंगलकडच्या सोयाबीनचा जनुकसंच पूर्वी किमान दोनदा दुप्पट झालेला आहे. ज्वारीची गुणसूत्रे १० जोड्या, जनुकसंच सुमारे ७३ कोटी डीएनए-अक्षरांचा, आणि बीटीएक्स ६२३ या वाणाच्या जनुकसंचाचे वाचन २००९ मध्येच प्रसिद्ध झाले. शिवाय ज्वारी उसाची जवळची नातेवाईक, त्यामुळे इथे शिकलेले पुढे उसाला लावता येते.

वाण मालदांडी म्हणजे एम ३५-१ घ्या. तो कोरडवाहू शाळूचा जुना, खात्रीचा वाण आहे. बियाणे धारवाडच्या कृषी विद्यापीठाकडून किंवा त्याच्या विजापूरच्या संशोधन केंद्रातून घ्यावे. बाजारातली मोकळी ज्वारी 'मालदांडी' म्हणून घेऊ नये. त्यात तीन वाणांची भेळ निघाली तर सहा रोपांत सहा उत्तरे येतील.

कुळ डीआरईबी. पाणी तुटले की किंवा थंडी पडली की जागे होणाऱ्या जनुकांच्या आधी डीएनएचा एक ठरावीक सहा अक्षरी तुकडा असतो. त्याला चिकटून ती जनुके चालू करणारी प्रथिने म्हणजे डीआरईबी. ही एपी२-ईआरएफ या मोठ्या घराण्याची एक शाखा. तिच्यातही ढोबळ वाटणी आहे: डीआरईबी१ मुख्यतः थंडीला, डीआरईबी२ पाणी तुटणे आणि उष्णतेला. ढोबळ म्हटले ते मुद्दाम.

कुळ म्हणजे भावकीच समजा. एका मूळ जनुकाची नक्कल झाली की दोन भाऊ होतात. पुढे एक जुने काम सांभाळतो आणि दुसरा मोडीत निघतो, किंवा दोघे काम वाटून घेतात, किंवा एखादा नवाच धंदा धरतो. यादी भाऊ किती एवढेच सांगते. वाटणीत कोणाला काय आले ते रोप उपाशी ठेवूनच कळते.

माती, बादली आणि पाणी

बहुतेक प्रयोग इथेच बिघडतात, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादल्या घ्या. तळाला चार भोके पाडा, आत जाळीचा तुकडा टाका. ज्या रानात शाळू पिकतो तिथली वरच्या वीतभर थरातली काळी माती आणून सावलीत वाळवा, ढेकळे फोडा, ५ मि.मी. चाळणीतून काढा. निचऱ्यासाठी वाळू मिसळू नका, नाहीतर ती काळी माती राहत नाही.

सावलीत वाळलेल्या काळ्या मातीतही पाणी उरतेच. १०० ग्रॅम माती १०५ °से. ओव्हनमध्ये २४ तास ठेवा. ९४ ग्रॅम भरली, तर बादलीतल्या १६ किलो मातीत खरी कोरडी माती १५ किलो. पुढचे सगळे हिशेब या १५ किलोवर.

आता दोन आकडे काढायचे. पहिला, माती जास्तीत जास्त किती पाणी धरते. बादली वरपर्यंत भिजवा, तोंड प्लॅस्टिकने बांधा, ४८ तास निथळू द्या आणि वजन करा. दुसरा, किती पाणी उरले की रोप पुन्हा उठत नाही. माती परीक्षण प्रयोगशाळेत १५ बार दाबाखाली मातीत उरणारे पाणी मोजायची सोय असेल तर तिथून घ्या. नसेल तर जुनी सूर्यफुलाची पद्धत आहे. डब्यात सूर्यफुलाचे रोप वाढवा, तीन जोड्या पाने आली की पाणी बंद करा आणि डब्याचे तोंड मेणाने झाका. रोप माना टाकेल तेव्हा ते दमट, बंद खोक्यात रात्रभर ठेवा. सकाळी उठले तर परत बाहेर काढा. ज्या सकाळी उठत नाही, त्या दिवशीच्या मातीतले पाणी हा तो आकडा.

समजा पहिला आकडा ३५ टक्के आणि दुसरा १९ टक्के निघाला. रोपाच्या उपयोगाचे पाणी फक्त मधले १६ टक्के, म्हणजे १५ किलोत २.४ किलो. भरपूर पाण्याच्या बादलीत यातले ८० टक्के ठेवायचे, ताणाच्या बादलीत २५ टक्के.

- भरपूर पाणी: मातीत एकूण ३१.८ टक्के, म्हणजे ४.७७ किलो. बादली ०.९ किलोची असेल तर एकूण २०.६७ किलो.
- ताण: मातीत एकूण २३ टक्के, म्हणजे ३.४५ किलो. एकूण १९.३५ किलो.

लेखांत सर्रास 'जलधारण क्षमतेच्या ४० टक्के' असा ताण लिहिलेला दिसतो. तो कोकोपीट किंवा वाळूमिश्रित मातीला चालतो. वरच्या काळ्या मातीत ३५ चे ४० टक्के म्हणजे १४ टक्के पाणी, आणि झाड तर १९ लाच मरते. आकडा उसना घेतला की ताणाऐवजी मयताचा अभ्यास होतो.

दुसरी फसगत झाडाच्या वजनाची. निसवलेले ताट ३०० ग्रॅम भरले आणि तुम्ही ते वजा केले नाही, तर ताणाच्या बादलीतले उपयोगी पाणी ०.६ किलोऐवजी ०.३ किलोच उरते. तराजू बरोबर आकडा दाखवतो आणि ताण दुप्पट होतो. म्हणून चार बादल्या जास्तीच्या पेरा. दर आठवड्याला त्यातले एक ताट मुळासकट काढून वजन घ्या आणि तेवढे लक्ष्य-वजन वाढवा.

एकूण २८ बादल्या लागतात: दोन पाणीपातळ्या, दोन वेळचे नमुने, प्रत्येकी सहा, आणि चार जास्तीच्या. प्रत्येक बादलीत चार दाणे टोका, १५ दिवसांनी एक रोप ठेवा. खोडमाशी लागलेले रोप ठेवू नका, त्याची जखमच त्याच घराण्यातल्या, डीआरईबीशेजारच्या ईआरएफ शाखेची जनुके उठवते. वरून पारदर्शक प्लॅस्टिकचे छप्पर हवे, बाजू मोकळ्या. परतीचा पाऊस ऑक्टोबरात एका संध्याकाळी महिन्याची मेहनत धुऊन नेतो. बादल्यांच्या जागा दर चार दिवसांनी बदला.

पोटरी धरेपर्यंत सगळ्यांना सारखे पाणी. पोटरीत आल्यावर ताणाच्या बादल्यांचे पाणी एकदम तोडू नका. ८ ते १० दिवसांत हळूहळू १९.३५ किलोवर आणा आणि तिथेच धरा. शाळू रानात साठलेल्या ओलीवर वाढतो, फुलोऱ्यानंतर ओल खाली खाली जाते. तो ताण संथ असतो. रोज दुपारी चारला वजन करून जेवढी तूट तेवढेच पाणी द्या. किराणा दुकानातला ३० किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. काळी माती सुकली की बादलीच्या कडेपासून सुटते आणि ओतलेले पाणी फटीतून सरळ भोकातून बाहेर जाते. त्यामुळे पाणी तीन हप्त्यांत, मध्ये दहा मिनिटे थांबून, ताटाच्या बुडाशी द्यावे. फट दिसली तर कोरड्या मातीने बुजवावी.

तोवर लॅपटॉपवर

फायटोझोम या वनस्पती-जनुकसंचांच्या संकेतस्थळावरून ज्वारीच्या प्रथिनांची ती फाइल घ्या, जिच्यात प्रत्येक जनुकाचे एकच मुख्य रूप असते. सगळ्या रूपांची फाइल घेतली तर एकाच भावाची तीन नावे यादीत येतात. जुन्या लेखांतले जनुकांचे क्रमांक 'एसबी' ने सुरू होतात, आताचे 'सोबिक' ने. दोन्हींची सरमिसळ करू नका, जुळवणीचा तक्ता तिथेच मिळतो. भातावर काम करणाऱ्यांनाही हीच दक्षता हवी, तिथेही क्रमांकांच्या दोन पद्धती चालतात.

इंटरप्रो या संकेतस्थळावरून पीफॅम या प्रथिनकुळांच्या संग्रहातला पीएफ००८४७ हा एपी२ डोमेनचा (प्रथिनातल्या ठरावीक भागाचा) साचा उतरवा आणि एचएमएमसर्च या शोधप्रणालीने प्रथिनांवर चालवा. पीफॅमने त्या साच्यासाठी ठरवलेली किमान गुणसीमा वापरावी, मनाने ०.००००१ वगैरे आकडा धरू नये. एका ज्ञात प्रथिनावरून नुसता ब्लास्ट (अक्षरांच्या साम्याचा शोध) करून यादी काढू नका. आडनाव एक म्हणून भावकी एक होत नाही. आपल्याकडे तर गावावरून 'कर' लावणारे डझनभर भिन्न घरांचे लोक असतात. थोडासा तुकडा जुळणारी प्रथिनेही तशीच. सुमारे ६० अमिनो आम्लांचे पूर्ण डोमेन असेल तोच घरचा.

मग गाळणी लावा. एपी२ डोमेन दोन असतील तर एपी२ शाखा. सोबत बी३ डोमेन म्हणजे पीएफ०२३६२ असेल तर आरएव्ही शाखा. उरलेली एकेरी डोमेनवाली ती ईआरएफ आणि डीआरईबी. त्यांना वेगळे करायला डोमेनमधल्या दोन जागा पाहा. डीआरईबीत १४ व्या जागी व्हॅलिन आणि १९ व्या जागी ग्लुटामिक आम्ल, तर ईआरएफमध्ये १४ ला अ‍ॅलॅनिन आणि १९ ला अ‍ॅस्पार्टिक आम्ल. तृणधान्यांत १९ वी जागा घसरते, तिथे व्हॅलिनही सापडते. म्हणून १४ व्या जागेला जास्त मान द्या आणि शेवटचा निकाल वंशवृक्षावर सोपवा. मोजणी डोमेनच्या सुरुवातीपासून होते, प्रथिनाच्या नव्हे. ही चूक फार वेळा होते.

वंशवृक्षासाठी प्रयोगशाळांत सर्वाधिक अभ्यासलेल्या छोट्या रोपाची, म्हणजे अ‍ॅरॅबिडॉप्सिसची ५६ डीआरईबी प्रथिने सोबत घ्या, त्यांचे ए-१ ते ए-६ गट २००२ पासून ठरलेले आहेत. त्यांच्याशेजारी बसल्यावर आपली प्रथिने आपोआप गटात पडतात. मॅफ्ट या प्रणालीने प्रथिनांची जुळणी, आयक्यू-ट्री या प्रणालीने वृक्ष, आणि फांद्या किती खात्रीच्या ते पाहायला जलद बूटस्ट्रॅप १,०००. या पद्धतीत ९५ च्या खालच्या फांदीवर विश्वास ठेवू नये. ७० ची सवय जुन्या साध्या बूटस्ट्रॅपची आहे.

जनुकाच्या आधीच्या १,५०० अक्षरांत 'ताणाचे तुकडे' मोजून रंगीत तक्ता काढण्याची प्रथा आहे. डीआरईबी ज्याला चिकटते तो तुकडा ए-सी-सी-जी-ए-सी किंवा जी-सी-सी-जी-ए-सी. सहा अक्षरे, दोन रूपे, डीएनएच्या दोन बाजू: हिशेब केला तर नुसत्या योगायोगाने १,५०० अक्षरांत असे दीड तुकडे सापडतात. तेव्हा 'या जनुकात दोन तुकडे आहेत, म्हणून ते ताणाला उत्तर देते' हे वाक्य प्रबंधात लिहू नका. तक्ता काढायचाच असेल तर ताणाशी संबंध नसलेली शंभर जनुके घेऊन त्यांच्याशी तुलना दाखवा.

सगळ्या भावांची तपासणी परवडत नाही, पाच-सहा निवडा. निवडीला कॅलिफोर्नियातल्या एपिकॉन प्रकल्पाची खुली माहिती फार उपयोगी आहे. तिथे आरटीएक्स ४३० आणि बीटीएक्स ६४२ हे ज्वारीचे वाण शेतात, फुलोऱ्याआधी आणि फुलोऱ्यानंतर तोडलेल्या पाण्यावर वाढवून दर आठवड्याला आरएनए (चालू असलेल्या जनुकांच्या नकला) वाचले होते. फुलोऱ्यानंतरच्या ताणात पानात हललेली, म्हणजे आरएनए कमीजास्त झालेली, डीआरईबी निवडा, शिवाय अजिबात न हललेले एक घ्या. ते कामाला येते: सगळीच जनुके वर गेली तर मोजणीत गडबड आहे हे तेच सांगते.

पान तोडताना

नमुना कणसाखालच्या शेवटच्या पानाचा. पहिला फुलोऱ्यात, दुसरा हुरड्याच्या वेळी. पान तोडले की झाडाचा तोल बदलतो, म्हणून दोन वेळांच्या बादल्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

वेळ ठरवा आणि पाळा, समजा सकाळी ११ ते ११.३०. डीआरईबी१ जनुके झाडाच्या आतल्या घड्याळावर चढउतार करतात. भरपूर पाण्याचे नमुने दहाला आणि ताणाचे दुपारी एकला घेतले, तर फरक ताणाचा की उन्हाचा, हे नंतर कोणी सांगू शकत नाही. नमुने आळीपाळीने घ्या, एक या गटाचा, एक त्या.

पान कापल्यापासून गोठेपर्यंत अर्धे मिनिट. जखमेचा सांगावा काही मिनिटांत पोचतो. द्रवरूप नायट्रोजन कुठे मिळणार म्हणून अडू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि दूध संघांकडे कृत्रिम रेतनाच्या कांड्यांसाठी त्याची टाकी असते, ओळखीने तीन-चार लिटर मिळतात. उघड्या थर्मासमध्ये न्या, झाकण घट्ट लावले तर फुटेल. बंद गाडीत काचा खाली ठेवा.

त्याच पानाच्या दुसऱ्या अर्ध्याने पाण्याचे प्रमाण मोजा. चकत्यांचे ताजे वजन, चार तास ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून वजन, ८० °से. वर ४८ तास वाळवून वजन. ताजे ०.५४, भिजलेले ०.६०, वाळलेले ०.१२ ग्रॅम असेल तर पहिल्या दोन्हींतून वाळलेले वजा करून ०.४२ भागिले ०.४८, म्हणजे ८७.५ टक्के. हे झाड सुखी आहे. ताणाच्या झाडांत ६० ते ७० च्या आसपास यायला हवे. ८० च्या वर असेल तर ताण बसलेलाच नाही, आरएनएवर पैसे घालू नका.

नमुना घेतल्यावर ताट उभे चिरून बघा. आतला गाभा काळा, सुटा झालेला असेल तर तो खडखड्या रोग आहे. फुलोऱ्यानंतरच्या दुष्काळात तो हमखास येतो आणि रोगाला धावणारी डब्ल्यूआरकेवाय, ईआरएफ जनुके त्यात मिसळतात. तो नमुना बाजूला काढा.

आरएनए आणि मोजणी

आरएनए काढायचा, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराने त्याचा डीएनए करायचा आणि क्यूपीसीआर यंत्रात तो चक्रागणिक दुप्पट करत मोजायचा. १०० मि.ग्रॅ. पानाची पूड, १ मि.ली. ट्रायझॉल (आरएनए काढायचे द्रावण). खल-बत्ता नायट्रोजनने आधी थंड करा, पूड ओलसर दिसली की समजा वितळली. जेलवर पानाच्या आरएनएत दोन ठळक पट्ट्यांखेरीज खाली आणखी पट्ट्या दिसतात, त्या हरितलवकाच्या. त्यांना पाहून नमुना टाकू नका. २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशशोषणाचे गुणोत्तर १.८ ते २.१ हवे. २६०-२३० फार कमी आले तर फेनॉल किंवा मीठ राहिले, ७५ टक्के अल्कोहोलने पुन्हा धुवा.

डीएनेझ (उरलेला डीएनए तोडणारे विकर) टाळू नका. एरवी दोन एक्सॉनच्या (आरएनएत टिकणाऱ्या तुकड्यांच्या) सांध्यावर प्रायमर (डीएनए वाढवायला सुरुवात करून देणारा छोटा तुकडा) ठेवला की भेसळीचा डीएनए वाढत नाही. पण डीआरईबी१ जनुकांत बहुधा इंट्रॉनच (एक्सॉनांमधला गळून जाणारा तुकडा) नसतो, सांधाच नाही. त्यामुळे प्रत्येक नमुन्याची एक नळी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजशिवाय चालवा. तिच्यात आणि खऱ्या नळीत ७ चक्रांपेक्षा कमी फरक असेल तर डीएनेझ पुन्हा.

प्रायमर १८ ते २४ अक्षरांचे, तापमान ६० °से. जवळ, वाढणारा तुकडा ८० ते १५० अक्षरांचा. ते डोमेनवर कधीच ठेवू नका, डोमेन सगळ्या भावांचे सारखे असते. जनुकाच्या शेवटच्या, प्रथिन न बनवणाऱ्या भागावर ठेवा. प्रायमर बीटीएक्स ६२३ वरून आखलेले असतात आणि झाड मालदांडी आहे. आधी मालदांडीच्या डीएनएवर तुकडा वाढवून त्याचे वाचन करून घ्या. पाच पातळ्यांच्या विरलनावरून कार्यक्षमता ९० ते ११० टक्के यायला हवी, वितळ-आलेखात एकच शिखर.

डीआरईबी२ मध्ये आणखी एक खोच आहे. भात आणि मक्यात या जनुकाचा आरएनए दोन तऱ्हांनी जोडला जातो. एका रूपात ५३ अक्षरांचा जादा तुकडा राहतो आणि प्रथिन अर्धवट तुटते, दुसऱ्यातून चालू प्रथिन मिळते. ताणात खऱ्या अर्थाने वाढते ते चालू रूप. दोन्ही एकत्र मोजली तर वाढ बुडून जाते. ज्वारीच्या डीआरईबी२ साठी असे जादा तुकडे आहेत का ते आधी आरएनएच्या वाचनात पाहा, असतील तर दोन वेगळे प्रायमर आखा.

तुलनेसाठी, ताणात न बदलणारी संदर्भ जनुके किमान दोन. अ‍ॅक्टिनवर आंधळा भरवसा नको, ते दुष्काळात हलू शकते. प्रोटीन फॉस्फेटेज २ए, ईआयएफ४ए, युबिक्विटिन अशी चार-पाच आपल्याच नमुन्यांवर चालवा आणि जीनॉर्म या प्रणालीने सर्वांत स्थिर दोन निवडा.

हिशेब असा. जनुक जितक्या लवकरच्या चक्राला दिसते तितका त्याचा आरएनए जास्त. भरपूर पाण्यात डीआरईबी २६.४ व्या चक्राला, संदर्भ २०.१ ला, फरक ६.३. ताणात डीआरईबी २३.९ ला, संदर्भ २०.४ ला, फरक ३.५. दोन फरकांतले अंतर २.८, आणि २ चा २.८ वा घात म्हणजे जवळपास ७ पट. सांख्यिकी चाचणी या पटींवर लावू नका, सहा-सहा झाडांच्या फरकांवर लावा. एकाच नळीचे तीन थेंब म्हणजे तीन झाडे नव्हेत.

ताण वेगळा असेल तर

खानापूर, कणकुंबीकडे प्रश्न पाण्याच्या तुटीचा नाही, बुडण्याचा आहे. तिथे भातात सब१ए पाहावे. तेही ईआरएफ घराण्यातलेच, नवव्या गुणसूत्रावरचे, ओडिशाच्या एफआर १३ए वाणातून आलेले. ते झाडाला पाण्याखाली वाढ थांबवून ताकद राखायला लावते आणि सुमारे दोन आठवडे तग देते. प्रयोगात पाण्याचे तापमान आणि गढूळपणा नोंदवला नाही तर दोन वर्षांचे निकाल जुळत नाहीत.

कृष्णाकाठी कागवाड, रायबागच्या क्षारपड रानांसाठी सोडियम बाहेर ठेवणारे एचकेटी कुळ घ्या. भातात याच कुळातले एक जनुक पहिल्या गुणसूत्रावर आहे. मिठाचा ताण १५० मिलिमोलर हवा असेल तर लिटरला ८.७७ ग्रॅम मीठ लागते. पण ते ५०-५० मिलिमोलरने तीन दिवसांत चढवा. एकदम दिले तर आधी पाणी तुटण्याची जनुके उठतात आणि सोडियमचे उत्तर त्यांच्याखाली दबते. मीठ प्रयोगशाळेचे वापरा, आयोडीनचे नको. मातीचा संपृक्त अर्क काढून त्याची विद्युतवाहकता मोजून लिहा. ज्वारीला ६.८ डेसिसीमेन्स प्रति मीटरपर्यंत फारसा फटका बसत नाही, भाताला ३ लाच बसू लागतो आणि उसाला १.७ लाच.

निकालाच्या तक्त्यात प्रत्येक जनुकापुढे सोबिक क्रमांक, जनुकसंचाची आवृत्ती, प्रायमरची अक्षरे, त्या झाडाच्या पानातले पाणी टक्क्यांत, बादलीचे त्या सकाळचे वजन आणि पान तोडल्याची वेळ लिहा. 'एसबीडीआरईबी७' असे स्वतः ठेवलेले नाव शेवटच्या रकान्यात चालेल, कारण दुसऱ्या संशोधकांचा सातवा भाऊ वेगळाच असतो.